आठांवर एक

"माणूस कितीही हुशार असो, जगाच्या पाठीवर कुठेही असो, त्याला आठच माणसं नीट सांभाळता येतात. आठ! नववं माणूस आलं की कारभार कोसळलाच म्हणून समजा. मोठमोठी साम्राज्यं याच एका चुकीनं बुडाली."

हे धाकले भाई कारखान्याच्या अंगणात खुर्चीवर उभं राहून बोलले. समोर आम्ही सगळ्या बाया मांडी घालून बसलो होतो. साम्राज्यं बुडाल्यावर त्यांनी जरा थांबून आमच्याकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांच्या मागच्या स्टुलावर चढून राखणदाराच्या कोंबडीनं त्यांच्या चहाच्या कपात चोच घातली. धाकले भाई खाली उतरले आणि तिच्यामागे धावले. ती खुर्चीखालून गेली, फळ्यामागून गेली, तुळशीला वळसा घालून परत आली आणि उरलेला चहा सांडून कौलांवर जाऊन बसली.

"आठांचा मगे बघूया," मागून शेवंता गावडे म्हणाली, "आधी ह्या एकटेक सांभाळा!"

चौसष्ट बाया हसल्या. मी हसले नाही, कारण मी मुकादमीण होते आणि माझ्या तोंडात पान होतं.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. माझे दात गेले. काजू आता मी नुसते बघते. पण तो फळा मला अजून दिसतो.

वेंगुर्ल्याच्या रस्त्याला, आमच्या गावाबाहेर नाटेकरांची काजूची फॅक्टरी होती. मालक भाई नाटेकर. त्यांच्या वडिलांनी ती उभी केली, भाईंनी चालवली, आणि गुडघे गेल्यावर ते ऑफिसच्या पडवीत आरामखुर्ची टाकून बसायला लागले. मग त्यांचा मुलगा हेमंत पुण्याहून मॅनेजमेंटची पदवी घेऊन आला. त्याला सगळे धाकले भाई म्हणत. मुलगा वाईट नव्हता. फक्त पुण्याला जे शिकवलं होतं ते सगळंच त्याच्या लक्षात राहिलं होतं.

मी, रुक्मिणी कुबल, सोलणीच्या हॉलची मुकादमीण. बिया उकडून, फोडून, गर भट्टीत सुकला की तो आमच्याकडे यायचा. आम्ही त्याची तांबडी साल काढायची, मग अख्खा, पाकळी, तुकडा असे वेगळे करायचे. सकाळी गर तोलून आत यायचा. संध्याकाळी सोललेला गर आणि साल, दोन्ही तोलून बाहेर जायचं. मधल्या मधे जे नाहीसं व्हायचं त्याला भाई 'घट' म्हणत. धाकले भाई त्याला 'चोरी' म्हणाले.

फळ्यावर त्यांनी चौकटी काढल्या होत्या. सगळ्यात वर एक चौकट, ती त्यांची. तिच्याखाली आठ. त्या आठांखाली बारीक बारीक चौकटींचं जाळं, म्हणजे बाया. उलटं टांगलेलं झाड जणू.

"धाकले भाई," मी विचारलं, "यात माझी चौकट कुठली?"

त्यांनी फळ्याकडे नीट पाहिलं. "तुमची नाही," ते म्हणाले. "तेच तर दाखवायचंय. एक बाई चौसष्ट जणींवर लक्ष ठेवू शकत नाही. म्हणजे शास्त्राप्रमाणे आजवर इथे सुपरवायझर नव्हताच."

"वीस वर्षं मी पगार घेतेय तो?"

"त्यात तुमची चूक नाही, कुबलबाई," ते मनापासून म्हणाले.

मग ते हॉल बघायला आले. आमचा हॉल म्हणजे बाजार. शेवंता मधोमध बसायची. तिच्या मामेसासऱ्याची म्हैस तलाठ्याच्या कचेरीत कशी शिरली, ही गजाल ती सोमवारपासून सांगत होती आणि बुधवार उजाडला तरी म्हैस अजून दारातच होती. गजाल म्हणजे आमच्याकडच्या गप्पा, पण गप्पांना शेवट असतो. चौसष्ट जणींचे हात चालू, चौसष्ट जणींची तोंडं चालू. कोणी "मगे गो?" विचारते, कोणी तलाठ्याला शिव्या देते, कोणी म्हशीची बाजू घेते. मी दारात स्टुलावर बसून पान चघळत होते. गजाल जरा थंडावली की मी म्हणायची, "शेवंते, तलाठ्याची बायको खंय होती तेव्हा?" की पुन्हा भडका उडायचा.

धाकल्या भाईंनी कानांवर हात ठेवले. "हे काय चाललंय?"

"काम," मी म्हणाले.

"आणि हा आवाज?"

"तो कामाचाच."

"तुम्ही यांना बोलू का देता?"

"गप्प बसल्या तर मला झोप येते."

त्यांनी मान हलवली आणि ताटांमधून फिरायला लागले. एका ताटातला गर उचलून उजेडात धरला, तोंडात टाकला, "प्रत बरी आहे" म्हणाले. पुढच्या ताटाशी पुन्हा तेच. टोकाला पोचेपर्यंत त्यांनी बऱ्याच प्रती तपासल्या. शेवंता माझ्याकडे बघत होती. मी छताकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायांमधूनच आठ सुपरवायझर निवडल्या. निवड शास्त्रशुद्ध होती: ज्या जास्त बोलत त्या हुशार. म्हणजे पहिली शेवंता. आठ जणींना पिवळे बिल्ले मिळाले. सूचना अशा: सुपरवायझरनं सोलायचं नाही, फक्त बघायचं. हॉलमध्ये कोणी बोलायचं नाही. सुपरवायझरनं वेळोवेळी प्रत तपासायची.

"प्रत तपासूची म्हणजे कशी?" शेवंतानं विचारलं.

"मी काल तपासली तशी."

"अशी होय," शेवंता म्हणाली, आणि तिनं बिल्ला लावून घेतला.

चौसष्टातून आठ गेल्या, राहिल्या छप्पन्न. म्हणजे एकीला आठ नाही, सातच बाया आल्या. धाकल्या भाईंनी बोटांवर दोनदा हिशेब केला आणि मग म्हणाले की थोडी सवलत राहिली तर वाईट नाही. मला त्यांनी काट्यावर बसवलं. "चार्टमध्ये तुमची सोय होईपर्यंत तोलाचं बघा."

असा शांत हॉल मी जन्मात पाहिला नव्हता. चाकूनं साल खरवडल्याचा आवाज, बाहेर कावळा, आणि मधूनच कुठेतरी कट्, असा एक बारीक आवाज. पुन्हा शांतता. पुन्हा कट्. म्हैस तलाठ्याच्या दारातच राहिली.

संध्याकाळी तोललं. घट नेहमीच्या दुप्पट.

"चुकलात," धाकले भाई म्हणाले.

"परत तोला," मी म्हणाले. त्यांनी स्वतः तोललं. काट्यालाही टिचकी मारून पाहिली.

आठवडाभर हेच. शनिवारी ते फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता चौकटी पुसतील. पण हुशार माणूस चुकला की तो चूक मागे घेत नाही, वाढवतो.

"माझ्या लक्षात आलं," ते म्हणाले. "आठ हा आकडा परदेशातला. तिकडची माणसं शिस्तीची. आपल्या लोकांना आठ झेपत नाहीत. चार हवेत."

सोमवारी सोळा सुपरवायझर झाल्या. चाराचा नियम लावला खरा, पण सोळा जणी नियमातच खर्ची पडल्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला तीनच आल्या. पिवळे बिल्ले संपले, म्हणून नव्या आठ जणींना हिरवे दिले. त्यावरून पिवळ्या वरच्या की हिरव्या वरच्या, असा एक वाद सुरू झाला, पण बोलायची बंदी असल्यामुळे तो नुसता डोळ्यांनी चालला.

घट आणखी वाढली.

"तीन करू का?" धाकले भाई मला म्हणाले. रात्री झोपले नसावेत.

"एकच करा," मी म्हणाले. "प्रत्येकीवर एक. म्हणजे संशयच नको."

त्यांनी यावर खरोखर विचार केला. मला त्यांची जरा दयाच आली. पण ती फार वेळ टिकली नाही, कारण विचार करून झाल्यावर ते जे बोलले ते भलतंच होतं.

त्यांनी मला पडवीत बोलावलं. भाई आरामखुर्चीत पाय लांब करून बसले होते.

"कुबलबाई, देखरेख कमी पडतेय हे सिद्ध झालंय," धाकले भाई म्हणाले. "तेव्हा आता दारावर तपासणी. शनिवारपासून सुटताना प्रत्येक बाईची झडती. पदर, कमरेची घडी, ओटी. पुरुषानं घेणं बरं दिसणार नाही. ती तुम्ही घ्यायची."

मी पानाची पिंक बाहेर टाकून आले. एवढं बोलायचं तर तोंड रिकामं लागतं.

"मी घेणार नाही."

"अगो, नुसती नावाक," भाई म्हणाले. माझ्याकडे न बघता, गुडघ्याकडे बघत.

"भाई, ह्या बायांमधल्या निम्म्या माझ्या डोळ्यांसमोर लग्न होऊन इथं इल्या. लग्नात तेंच्या ओटीत मी नारळ घातलंय. तांदूळ घातलंय. सवाष्णीची ओटी म्हणतात तिका. आता त्याच ओटीत हात घालून मी काजू शोधू?"

"मी कारखान्याबद्दल बोलतोय," धाकले भाई म्हणाले. "तुम्ही लग्नात कुठे गेलात?"

"मी ओटीबद्दल बोलतेय. ती घरी काढून ठेवून कोणी कामावर येत नाही."

"पण चोरी होतेय हे तरी मान्य करता?"

"घट होतेय. चोरी कोण करतं ते मला माहीत नाही."

"मग चौसष्ट जणी तुम्ही आजवर कशा सांभाळल्या?"

"मी कुठे सांभाळल्या? मी दारात बसत होते."

त्यांना वाटलं मी टिंगल करतेय. कान लाल झाले त्यांचे. "ठीक आहे. मग सोमवारपासून दारातही नको, काट्यावरही नको. शनिवारी हिशेब घेऊन जा. झडतीसाठी मी सावंतवाडीहून दोन बायका आणतो."

मी भाईंकडे पाहिलं. ते म्हणाले, "आता कारभार तेचो, रुक्मिणी. मी काय बोलू?"

"काहीच बोला नको," मी म्हणाले. "तुमचा बोलणा मी नंतर घेईन."

हे मी नुसतं रागानं बोलले होते. पुढे ते खरं होईल हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

शनिवारपर्यंत गावात बातमी फिरली. दोन सुनांना घरच्यांनी सांगितलं, झडती असेल तर कामाला जाऊ नको. आणि हे सांगितलं ते चुलीत घालायला लाकूड नाही अशा घरांनी. काही बायका माझ्याकडे आल्या. "बाये, आमी काय करूया? मजुरी सोडूक परवडणा नाय आणि अंगाक हात लावून घेवक जमणा नाय."

"लावून घेऊ नका."

"मगे नोकरी जायत."

"माझी गेलीच आहे," मी म्हणाले. "ती कशी जाते ते आधी बघा, मग ठरवा."

माझे वडील गावचे मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. आमच्याकडे काहीही करायचं असो, लग्न, पेरणी, नवी होडी, आधी देवाला गाऱ्हाणं. एकानं नारळ पुढे धरून देवाला सगळं सांगायचं, मागायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. एकदा व्हय म्हटलं की ते वचन. मग मागे फिरणं नाही. आमच्याकडे दोन भावांचे कोर्टात न मिटलेले बांध गाऱ्हाण्यात मिटलेत, कारण दोघांनीही व्हय म्हटलं होतं. बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नाही. पण लहानपणापासून वडिलांच्या मागे उभी राहून मी प्रत्येक शब्द ऐकला होता, आणि देवाला माझा आवाज चालत नसेल तर तो तसं सांगेल, असं मी ठरवलं.

शनिवारी पाच वाजता भोंगा झाला. फाटकाच्या आत टेबल टाकलं होतं. टेबलामागे सावंतवाडीच्या दोन बायका उभ्या होत्या, एक जाड, एक बारीक, दोघींचे चेहरे पडलेले. बाया रांगेत. सोळा बिल्ले रांगेच्या दोन्ही बाजूंना. धाकले भाई टेबलाजवळ. पडवीतून भाईंची आरामखुर्ची आणून फाटकापाशी ठेवली होती. मालक हजर आहे हे दिसावं म्हणून.

मी फाटकाबाहेर, रस्त्यावर जाऊन उभी राहिले. हातात सोललेला नारळ.

"कुबलबाई, तुमचा हिशेब झालाय," धाकले भाई म्हणाले. "आता घरी जा."

"रस्ता तुमचा नाही," मी म्हणाले. "तुमच्या फळ्यावर तो दिसला नाही मला."

रांगेत पहिली होती आबोली परब. नवी सून, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जाड बाईनं हात पुढे केला. आबोलीनं पदर घट्ट धरला आणि माझ्याकडे बघितलं.

मी नारळ कपाळाला लावला आणि वडिलांच्या आवाजात ओरडले.

"हे देवा रवळनाथा! माये सातेरी! बारा वेशींच्या, बारा वाटांच्या म्हाराजा!"

जाड बाईचा हात हवेत थांबला. मग रांगेतून आवाज आला, आधी दहा जणींचा, मग सगळ्यांचा:

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरां ह्या फाटकाच्या आत नि भायर उभी असत!"

"व्हय म्हाराजा!"

"हे काय आहे?" धाकले भाई म्हणाले. "बंद करा हे."

पण गाऱ्हाणं मधेच बंद करायला आमच्याकडे कोणी धजत नाही. राखणदारानं टोपी काढून हात जोडले होते. रस्त्यानं जाणारा एक सायकलवालाही उतरून उभा राहिला.

"ह्यो कारखानो भाईंच्या बापाशीन तुझो कौल घेवन उभो केल्यान!"

"व्हय म्हाराजा!"

यावेळी त्यात एक पुरुषी आवाज होता. भाई खुर्चीत सरळ बसले होते. डोळे मिटलेले, हात जोडलेले, ओठ हलत होते. साठ-सत्तर वर्षं देवळात उभं राहिलेला माणूस. गाऱ्हाणं कानावर पडलं की त्याच्या घशातून आपोआपच आवाज निघतो.

"तेची भरभराट कर! तेचो काजू दर्यापार धाड!"

"व्हय म्हाराजा!" भाईंचा आवाज मोठा झाला.

"तेच्या गुडघ्यांक बळ दी!"

"व्हय म्हाराजा!" आता भाई काठी टेकून उभे राहिले होते.

मी दम घेतला. नारळ उंच धरला.

"आणि जी लेक, जी सून ह्या कारखान्यात घाम गाळता, तिच्या ओटीत तुझो नारळ पडलेलो असा! त्या ओटीक ह्या फाटकार कधी कोणाचो हात लागूचो नाय! मालकाचो नाय, चाकराचो नाय!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज भाईंचा होता. इतका मोठा की कौलांवरची कोंबडी उडाली.

भाईंनी डोळे उघडले.

"बाबा!" धाकले भाई म्हणाले. "तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हटलंय?"

"व्हय म्हणालात."

"मगे गाऱ्हाण्याक काय म्हणतत? नाय?" भाई म्हणाले, आणि मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजाडत गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नारळाकडे पाहत होते.

"मागे घ्या ते," धाकले भाई म्हणाले. "आत्ता. सगळ्यांसमोर."

"देवाक व्हय म्हटलेला मागे घेवचा?" भाई असे दचकले की काठी निसटली. "तू पुण्याक शिकलंस तरी काय रे?"

सावंतवाडीच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "आमी पण व्हय म्हटला," बारीक बाई हळूच म्हणाली. दोघींनी टेबलाखालच्या पिशव्या उचलल्या आणि एसटीची वाट बघायला रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

आबोलीनं पदर सोडला. रांग सैल झाली. पण धाकले भाई हरायला तयार नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्यातही त्यांचं काही चुकत नव्हतं.

"आणि चोरी?" ते म्हणाले. "तिचं काय? देव भरून देणार आहे?"

"गाऱ्हाणं संपलं नाही अजून," मी म्हणाले, आणि नारळ पुन्हा वर धरला. "म्हाराजा! बाई असो नायतर बापयो असो! चाकर असो नायतर मालक असो! कामाबिगर जो कोण ह्या कारखान्यातलो गर तोंडात टाकीत, तेची जीब सुजान भोपळ्याएवढी होऊ दे! तेका बोलूक येऊ नको, गिळूक येऊ नको!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज आला, पण लंगडा. सगळ्यांना कळलं. जशी दात पडलेल्या माणसाची शीळ. सोलणाऱ्या बाया खणखणीत म्हणाल्या होत्या. रांगेच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले सोळा बिल्ले गप्प होते. पिवळे आणि हिरवे पहिल्यांदाच एकमताचे झाले होते.

"शेवंते," मी म्हणाले, "तुझो आवाज येवक नाय."

शेवंतानं माझ्याकडे पाहिलं, देवळाच्या दिशेला पाहिलं, आणि छातीवरचा पिवळा बिल्ला उपटून टेबलावर आपटला.

"मी व्हय म्हणूचंय नाय!" ती ओरडली. "माझ्या जिबेर माझा सगळा चलता! खाल्लंय! देवा, खाल्लंय! मगे करू तरी काय? सोलूक देत नाय, बोलूक देत नाय! हातांक काम नाय नि तोंडाक गजाल नाय! आणि समोर तांबडे-पांढरे काजू! दिवसभर नुसता बघूचा म्हणे! प्रत तपासूची म्हणे! तपासलंय! सगळ्यांनी तपासलंय! इचारा ह्या हिरव्यांक!"

हिरव्या जमिनीकडे बघायला लागल्या.

"आधी आमी कधी खाल्ले?" शेवंताचा सूर आता चढला होता. "खाऊक येळ कोणाक होतो? तोंडात म्हस होती माझ्या तीन दिस! म्हशीबरोबर काजू खातंत काय कोणी? ह्या रुक्मिणीन गजाल कधी थांबवू दिल्यान नाय! मी म्हणतंय, कित्याक माझ्या डोक्याक खाता, तलाठ्याची बायको खंय होती, तलाठ्याची बायको खंय होती! आता कळला माका!"

धाकल्या भाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कनवटीतून पान काढून तोंडात टाकलं आणि चघळायला लागले.

"आणि ह्येनी!" शेवंतानं बोट धाकल्या भाईंकडे रोखलं. "ह्येनी तर आमका शिकवल्यान कसा तपासूचा ता!"

सगळ्या बाया धाकल्या भाईंकडे बघायला लागल्या. धाकले भाईही स्वतःकडेच बघत होते, म्हणजे आपल्या उजव्या हाताकडे. तो शर्टाच्या खिशात होता. त्यांनी तो हळूच बाहेर काढला. बोटांत काहीतरी पांढरं होतं. ते पुन्हा खिशात गेलं.

भाई काठी टेकत फळ्यापाशी गेले. सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी एकेक चौकट पुसायला सुरुवात केली. खालपासून. वरच्या चौकटीपाशी आले तेव्हा हात पुरेना, म्हणून ती तशीच राहिली.

"रुक्मिणी," ते पाठमोरे म्हणाले, "सोमवारी येतलंस मा?"

"माझो हिशेब झालो," मी म्हणाले. "मला आता विचारून बोलवावं लागेल."

"मी इचारतंय."

"तुम्ही नाही. कारभार तेचो, असं तुम्हीच म्हणालात."

आणि मी निघाले. मागे बाया आपापले डबे घेऊन फाटकातून बाहेर पडत होत्या, ताठ, पदर खोचलेले, आणि शेवंता सांगत होती की म्हशीनं शेवटी तलाठ्याच्या खुर्चीवरच बैठक मारली. "मगे गो?" कोणी विचारलं. साऱ्या रस्त्यानं तो आवाज माझ्या मागे येत राहिला.

वळणावर पोचले तर मागून धावत येणारी पावलं. धाकले भाई. घामाघूम. मी थांबले. मनात म्हटलं, आता माफी मागेल, नाहीतर पुन्हा साम्राज्यं बुडवेल. दोन्हीसाठी माझं उत्तर तयार होतं, आणि तेही नरम नव्हतं.

"कुबलबाई," ते म्हणाले, आणि आजूबाजूला कोणी नाही ना हे बघून घेतलं. "सोमवारी या. स्टूल तिथेच आहे. फळा मी काढून टाकतो. चौसष्ट काय, शंभर बाया तुमच्याकडे देतो, आणि त्या किती बोलतात ते मी विचारणार नाही."

"बरं."

"फक्त एक विनंती होती."

"बोला."

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि चेहरा कसनुसा केला.

"ते गाऱ्हाण्यातलं... जिभेचं... तेवढं एक मागे घेता येतं का बघा ना. उद्या मुलीकडचे मला बघायला येणार आहेत, आणि मघापासून ती जराशी चुरचुरतेय."